चांदणी ले-आऊट

रुपराव भोयरांनी त्या सभेत तोंड उघडलं नसतं, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. खरं तर त्यांना काही बोलायचं नव्हतं, जांभई आली होती. पण शोभाताईंनी नेमकं त्याच क्षणी विचारलं, "मोठी चांदणी कोणाले काढता येते?" आणि उघडलेलं तोंड बघून स्वतःच निकाल दिला, "हे पहा, भोयर काका तयारच आहेत!" टाळ्या पडल्या. रुपरावांनी तोंड मिटेपर्यंत त्यांचं नाव वहीत चढलंही होतं.

सभा होती नागपुरातल्या प्रभात ले-आऊट या वसाहतीच्या सव्वीस जानेवारीची, आणि शोभाताई म्हणजे ले-आऊटच्या सचिव. मागच्या वर्षी पलीकडच्या ले-आऊटनं माणसं उभी करून मोठ्ठं कमळ केलं होतं आणि त्याचा फोटो पेपरात आला होता. तेव्हापासून शोभाताईंना अन्न गोड लागत नव्हतं. यंदा आपल्या मोकळ्या मैदानावर फक्कीनं, म्हणजे कबड्डीच्या रेघा मारतात त्या चुन्याच्या भुकटीनं, पाच टोकांची चांदणी आखायची, पाच गल्ल्यांच्या माणसांनी पाच टोकांत उभं राहायचं, मधोमध झेंडा लावायचा आणि पाण्याच्या टाकीवर चढून फोटो काढायचा, असा त्यांचा बेत होता. बेत झकास होता. फक्त आखणारा माणूस नव्हता, तोही जांभईनं मिळवून दिला.

"तुमच्या पाटीवरच तं लिहून आहे ना जी," शोभाताई म्हणाल्या. "निवृत्त आरेखक. तुमच्यासाठी चांदणी म्हणजे डाव्या हातचा मळ."

रुपरावांनी मान डोलावली आणि घरी शिरताना फाटकावरच्या पाटीकडे बघायचं टाळलं.

आता एक गोष्ट वाचकांच्या कानात सांगायला हवी. सरकारी कचेरीत नकाशे काढणाऱ्यांत दोन जाती असतात. एक आरेखक. तो डोकं चालवतो, मापं घेतो, कोऱ्या कागदावर धरण उभं करतो. दुसरा अनुरेखक. तो त्या धरणावर पारदर्शक कागद टाकतो आणि खालची रेघ वर गिरवतो. रुपरावांनी बत्तीस वर्षं गिरवलं. धरणं गिरवली, कालवे गिरवले, एकदा खाप्याजवळचा कन्हान नदीवरचा घाट गिरवला तेव्हा आपल्या गावचा म्हणून दोनदा गिरवला. पण स्वतःच्या मनानं एक रेघ म्हणून काढली नाही. निवृत्त झाल्यावर फाटकाची पाटी रंगवायला दिली, तर पेंटरनं 'अनुरेखक'चं 'आरेखक' करून आणलं. रुपरावांनी ती चूक पाहिली, आणि दिवाळीनंतर दुरुस्त करू म्हणाले. कोणती दिवाळी ते बोलले नव्हते, त्यामुळे चार दिवाळ्या गेल्या तरी शब्द मोडला असं म्हणता येत नाही.

चार वर्षं अख्खा ले-आऊट त्यांच्याकडे कोऱ्या कागदावर धरण उभं करणारा माणूस म्हणून बघत होता, अशी त्यांची समजूत होती. आता मैदानावर चांदणी वाकडी आली, की सगळं उघडं पडणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर तयारी मांडली. वाटी उपडी ठेवून गोल काढला. मग जुन्या कंपासपेटीतलं कर्कटक गोलाच्या अर्ध्या रुंदीइतकं उघडून त्याच मापानं काठ कापत गेले. पहिली खूण, दुसरी, तिसरी, असं करत परत सुरुवातीला आले तर तुकडे सहा. पुन्हा केलं, पुन्हा सहा. मोठ्या ताटाचा गोल काढला, तरी सहाच. गोलाच्या अर्ध्या मापानं त्याचाच काठ कापत गेलं की सहाच तुकडे पडतात, हे शाळेत सातवीला शिकवतात. रुपरावांना सातवीत गोवर निघाला होता.

"काय करून राहिले जी?" त्यांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, पोळ्या लाटता लाटता विचारलं.

"प्राथमिक तयारी."

सुभद्राबाई आल्या, पिठाच्या हातानं पेन उचललं आणि पेपरच्या कोपऱ्यात, हात न उचलता, पाच रेघांत एक चांदणी काढून मोकळ्या झाल्या. "झाली. हे तं बालवाडीतली पोट्टीही काढते."

"ही चांदणी आहे वं," रुपराव गंभीरपणे म्हणाले, "पण भूमितीय नाही. हिचं हे टोक पाह्य, हे टोक पाह्य. दोघांचा एकमेकाशी संबंध नाही."

"चांदणीच्या टोकायचा कायले लागते संबंध?" असं म्हणून त्या परत पोळ्यांकडे गेल्या.

पण तीन दिवसांत रुपरावांना गुपित सापडलं, आणि ते सापडल्याचा आनंद इतका होता की त्यांनी आंघोळ दुपारपर्यंत ढकलली. पूर्ण गोल म्हणजे तीनशे साठ अंश. त्याचे पाच भाग केले की एकेक बहात्तर अंशांचा. कोनमापक ठेवून बहात्तर-बहात्तरवर खुणा करायच्या आणि त्या खुणा जोडायच्या. मात्र शेजारशेजारच्या नाही, एक सोडून एक. पहिलीवरून तिसरी, तिसरीवरून पाचवी, पाचवीवरून दुसरी, दुसरीवरून चौथी, चौथीवरून परत पहिली. चांदणी आली! अगदी नीटस, पाचही टोकं सारखी. दहा सेंटीमीटरच्या कर्कटकानं काढलेल्या गोलावर दोन शेजारच्या खुणांतलं अंतर पावणेबारा सेंटीमीटर भरलं. म्हणजे मैदानात वीस फुटांची दोरी घेऊन गोल फिरवला, तर खुंट्या साडेतेवीस फुटांवर ठोकायच्या. रुपरावांनी हे गणित चारदा केलं आणि चारही वेळा तेच आलं, यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना.

आखणीच्या दिवशी ते दोरी, खुंट्या, हातोडी आणि फक्कीचं पोतं घेऊन मैदानावर उतरले. उतरतात न उतरतात तोच भैय्याजी हजर. भैय्याजी त्यांचे शेजारी. कोणाच्याही घरी सुतार, गवंडी किंवा नळवाला आला की ते खुर्ची घेऊन येतात आणि काम संपेपर्यंत सल्ला देतात. या वेळी त्यांनी खुर्ची आणली नव्हती, म्हणजे ते प्रत्यक्ष मदत करणार होते.

"पहिले पूर्व धरा," भैय्याजी म्हणाले. "पूर्व धरल्याशिवाय काहीच सरळ येत नाही."

"भैय्याजी, चांदणी आहे. घर नाही."

"तरी पण."

पूर्व धरण्यात अर्धा तास गेला. मग पहिल्या गल्लीचे लोक आले, वरचं टोक आमचं म्हणाले, कारण गल्लीचा नंबर पहिला. तिसऱ्या गल्लीचे म्हणाले, टाकी आमच्या गल्लीत आहे, फोटो टाकीवरून काढायचा आहे, म्हणजे वरचं टोक कोणाचं हे सांगायची गरज नाही. रुपरावांनी समजावलं की चांदणीला वरचं टोक नसतं, ती कुठूनही सारखीच दिसते. हे दोन्ही गल्ल्यांना पटलं नाही. उलट दोघांनाही वाटलं की भोयर काका समोरच्या गल्लीला मिळालेले आहेत.

तरी काम चाललं. गोल फिरला. साडेतेवीस फुटांवर पहिली खुंटी गेली, दुसरी गेली, तिसरी, चौथी गेली. पाचवी जाईना. खाली मुरूम होता, खुंटी ठणठण वाजत होती. रुपराव दोरी गुंडाळायला वळले तेवढ्यात भैय्याजींनी खुंटी उपटून दोन फूट बाहेर, मऊ जागी ठोकली आणि हात झटकले. "झालं काम. इथी मऊ होतं." हे रुपरावांना कळलंच नाही. ते चहाला घरी गेले. आणि मागे राहिलेल्या भैय्याजींना वाटलं, आपण आता रेघाही मारून टाकाव्यात. त्यांनी फक्कीचा डबा घेतला आणि पहिल्या खुंटीवरून शेजारच्या दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर अशी प्रदक्षिणा पूर्ण केली.

रुपराव परतले तेव्हा मैदानावर चांदणीच्या जागी पाचकोनी कुंपण उभं होतं.

"एक सोडून एक, भैय्याजी! एक सोडून एक!"

"तुम्ही पहिले सांगतलं काहून नाही?"

खराटा आणून झाडलं, पण फक्की झाडून जात नाही, पसरते. कुंपण जरा पुसट झालं, एवढंच. त्याच्यावरच रुपरावांनी स्वतःच्या हातानं एक सोडून एक रेघा ओढल्या. शेवटची रेघ पुरी करून उभे राहिले तेव्हा कंबर मोडली होती, चष्मा पांढरा झाला होता आणि एक टोक बाकीच्यांपेक्षा चांगलं दोन फूट लांब दिसत होतं. त्यांनी भैय्याजींकडे पाहिलं. भैय्याजी आकाशाकडे पाहत होते.

इथपर्यंतचं सगळं कोणाच्याही घरात घडू शकतं. पुढचं मात्र नागपुरातच. दुसऱ्या गावात लोकांना मैदानावर पांढऱ्या रेघा दिसल्या तर त्यांना खेळ आठवतात. आमच्याकडे मोकळ्या जागेवर फक्की पडली, की त्याचा अर्थ एकच असतो. प्लॉट पाडले. शेत असो, पडीक असो, फक्की पडायचा अवकाश, संध्याकाळपर्यंत तिथे मोटारसायकली उभ्या राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपराव रेघांवरचा पालापाचोळा फुंकत असताना पहिली मोटारसायकल आली. वर मोहित नावाचा दलाल होता, डोक्यात हेल्मेट, कानात फोन.

"काय पाडून राहिले काका?"

"चांदणी पाडून राहिलो."

"चांदणी ले-आऊट? वा! नाव मस्त आहे. किती पडले?"

विचारणाऱ्याला भूमितीत रस आहे, या कल्पनेनं रुपराव सुखावले. त्यांनी मोजलं. टोकांचे पाच त्रिकोण, भैय्याजींच्या कुंपणानं आपोआप झालेले बाहेरचे पाच त्रिकोण, आणि मधला पंचकोन. "अकरा."

"अन् हे एक मोठं दिसून राहिलं?"

"ते जरा वाढलं," रुपराव ओशाळून म्हणाले.

"वाढीव. चालते. अन् मधला पाच कॉर्नरचा, तो खाली आहे का?"

"नाही नाही. मधला झेंड्याचा आहे."

मोहितचा चेहरा उतरला. "झेंड्याचा! कोणते झेंडे? धरमपेठेतले काय?"

रुपराव तेवढ्यात खाली वाकले होते. त्यांना 'धरमपेठेतले' एवढंच ऐकू आलं. झेंडा धरमपेठेतल्या दुकानातूनच आणायचं सभेत ठरलं होतं. "हो, धरमपेठेतलाच," त्यांनी वाकल्या वाकल्या सांगितलं.

"मोठ्या लोकायचं सगळं पहिलेच ठरून राहते," मोहित हळहळला आणि गेला.

दुपारपर्यंत मैदानावर जत्रा लोटली. सावनेरहून एक जोडपं आलं, त्यांना तिकोनी प्लॉट वास्तूला चालतो का एवढंच विचारायचं होतं. एक गृहस्थ लांब टोकावर उभे राहून बायकोला फोनवर स्वयंपाकघर कुठे येईल ते सांगत होते. रुपराव प्रत्येकाला ही चांदणी आहे असं सांगत होते, आणि प्रत्येक जण म्हणत होता, हो, नाव समजलं. संध्याकाळी पलीकडच्या ले-आऊटच्या लोकांनी, कमळवाल्यांनी, मोकळ्या जागांवर देखरेख करणाऱ्या कचेरीत तक्रार नोंदवली. आणि आपल्याच गल्लीतली माणसं रुपराव दिसले की बोलणं थांबवू लागली. मैदान विकलं, म्हणत होते. मापं काढणारा माणूस आहे, त्याच्यासाठी काय कठीण.

रुपरावांना हे सगळ्यात जास्त लागलं. ह्या मैदानावर प्लॉट पडू नयेत म्हणून ज्या अर्जावर सह्या झाल्या होत्या, त्यावर तिसरी सही त्यांची होती.

दोन दिवसांनी टाकीच्या खांबावर नोटीस चिकटली. ती सुभद्राबाईंनी वाचून दाखवली, कारण रुपरावांचा चष्मा धुक्यानं भरला होता. "आपण निवृत्त आरेखक असून सदर मोकळ्या जागेवर विनापरवानगी भूखंडांची आखणी केल्याचे निदर्शनास आले आहे. मधला भूखंड श्री. झेंडे यांना दिल्याचे समजते. तरी दिनांक चोवीस रोजी स्थळ पाहणीच्या वेळी आपण, सचिव व श्री. झेंडे यांनी जातीने हजर राहावे."

"हे झेंडे कोण वं?" रुपरावांनी विचारलं.

"मले काय विचारता? प्लॉट तुम्ही दिला."

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते तसेच उठून कचेरीत गेले. खिडकीत बसलेल्या बाबूंना त्यांनी शांतपणे समजावलं, "साहेब, झेंडे म्हणून कोणी नाहीत."

"नाहीत म्हणजे वारले?"

"वारले नाहीत. कधी नव्हतेच."

"तसं लिहून चालत नाही. वारले असतील तर दाखला जोडा, नसतील तर त्यांना हजर करा."

"अहो, झेंडा म्हणजे आपला तिरंगा. तो मधे उभा राहणार आहे."

बाबूंनी कागदावर लिहिलं: श्री. तिरंगा झेंडे. मग वर पाहून म्हणाले, "आणि तुम्ही आरेखक ना? निवृत्तीच्या आदेशाची प्रत जोडा. मूळ हुद्दा त्याच्यावर दिसला पाहिजे."

रुपराव खिडकीपासून मागे सरकले ते थेट बसस्टॉपवर येऊन थांबले. त्या आदेशावर हुद्दा काय होता, ते त्यांनाच माहीत होतं. आता दोनच वाटा उरल्या. आरेखक म्हणून उभं राहायचं, तर जाणत्या माणसानं जाणूनबुजून प्लॉट पाडले असं होणार, आणि बिचाऱ्या शोभाताईही त्यात ओढल्या जाणार. खरं सांगायचं, तर चार वर्षं फाटकावर खोटं लटकवून ठेवलं, हे पाच गल्ल्यांसमोर कबूल करायचं. दोन दिवस त्यांना ना भूक ना झोप. सुभद्राबाईंनी त्यांच्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं, तर ते म्हणाले की वांगं गोल आहे आणि आता गोल काही पाहावत नाही.

चोवीस तारखेला सकाळी अकराला कचेरीची जीप आली. उतरल्या त्या कामिनी निकोसे नावाच्या तरुण इंजिनिअर मॅडम, सोबत टेप धरायला एक शिपाई. अख्खा ले-आऊट मैदानाभोवती उभा होता. पहिली आणि तिसरी गल्लीसुद्धा एकमेकांना खेटून उभी होती.

"झेंडे कोण?" मॅडमनी विचारलं.

शोभाताईंनी धरमपेठेतून आणलेली घडी उलगडली आणि दोन्ही हातांनी तिरंगा समोर धरला. "हे आमचे झेंडे, मॅडम. दुसरे कोणी नाहीत."

मॅडमनी ओठ घट्ट दाबले, तरी त्यांचे खांदे हलले. पण रेघांकडे वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा पुन्हा सरकारी झाला. त्यांनी चारही बाजूंनी फिरून पाहिलं, टेप लावली, वहीत आकडे लिहिले. "ही आखणी हौशी माणसाची नाही. कोन मोजून घेतलेत, मापं धरून खुंट्या ठोकल्यात. कागदावर नकाशा असल्याशिवाय हे होत नाही. भोयर कोण, आरेखक? मूळ नकाशा दाखवा. तो कोणी काढून दिला? कोणासाठी?"

रुपरावांनी शोभाताईंकडे पाहिलं. त्यांनी झेंडा छातीशी घट्ट धरला होता. ते पाहून रुपरावांना स्वतःचीच लाज वाटली, आणि ते दोन पावलं पुढे आले.

"मॅडम, मी आरेखक नाही," ते म्हणाले. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "मी अनुरेखक होतो. पाटीवर चुकीचं लिहून आहे अन् मी ते तसंच राहू दिलं, ही माझी चूक. बत्तीस वर्षं मी दुसऱ्याच्या रेघा गिरवल्या. प्लॉट पाडाची अक्कलच नाही मले. तुम्ही माझा आदेश पाहून घ्या. अन् ताईले यात ओढू नका, त्यांनी फक्त चांदणी मागतली होती."

बोलून झालं आणि ते खाली पाहत उभे राहिले. आता काय ऐकायला मिळणार, याची सगळी वाक्यं त्यांनी मनात दोन दिवस आधीच ऐकून ठेवली होती. पण त्यातलं एकही आलं नाही. भैय्याजींचा आवाज आला.

"अनुरेखक? म्हणजे अनुभवी रेखक?"

"नाही भैय्याजी..."

"मंग मोठं पद झालं ना! साध्या आरेखकाच्या वरचं. इतकं लपवून काहून ठेवलं जी?"

"मले तं आरेखक म्हणजे काय तेच माहीत नव्हतं," तिसऱ्या गल्लीतून कोणीतरी म्हणालं. "मी समजत होतो का ते तुमचं आडनाव आहे."

"मी समजत होती आरोग्य खात्याचे तक्ते काढत होते," शोभाताई डोळे पुसत म्हणाल्या. "मागं बीपीची गोळी विचाराले आली होती, आठवते?"

रुपरावांना आठवत होतं. त्यांनी तेव्हा कोमट पाणी प्यायला सांगितलं होतं. चार वर्षं ज्या इभ्रतीला ते काचेच्या भांड्यासारखं जपत होते, ती ह्या पाच गल्ल्यांत कोणाच्या खिजगणतीतही नव्हती. त्यांना राग यायला हवा होता. पण छातीवरचं ओझं असं काही उतरलं की त्यांना थेट हसूच आलं, आणि ते मोठमोठ्यानं हसू लागले.

मॅडम मात्र अजून टेप धरून लांब टोकापाशी उभ्या होत्या. "काका, इकडे या. ही चांदणी तुम्ही कशावरून गिरवली?"

"कशावरूनच नाही मॅडम."

"ही चार टोकं तंतोतंत आहेत. हे पाचवं दोन फूट लांब आहे."

"इथी मुरूम होता," भैय्याजी पुटपुटले.

"नकाशावरून प्लॉट पाडणारा माणूस दोन फूट असे वाऱ्यावर सोडत नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि गिरवलेलं असतं तर चुकलंच नसतं. ही तुमची स्वतःचीच आहे काका, तुम्ही काढलेली."

रुपरावांचं हसणं थांबलं. ते त्या लांब टोकाकडे बघत राहिले. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही रेघ चुकली नव्हती, याचं त्यांना कधी कौतुक वाटलं नव्हतं. आज चुकलेली रेघ बघताना मात्र डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवायचाही प्रयत्न केला नाही.

मॅडमनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहिला: जागेवर भूखंड आढळून आले नाहीत. एक चांदणी आढळून आली. श्री. झेंडे ही व्यक्ती नसून राष्ट्रध्वज असल्याची खात्री केली. त्याला स्थळाचा नकाशा जोडायला हवा होता, तो त्यांनी रुपरावांकडूनच तिथल्या तिथे काढून घेतला. नकाशाच्या कोपऱ्यात नेहमीचे तीन चौकोन होते: आरेखन, अनुरेखन, तपासणी. रुपरावांचा हात सवयीनं मधल्याकडे गेला. मॅडमनी बोट पहिल्यावर ठेवलं. रुपरावांनी तिथे सही केली, नेहमीपेक्षा जरा मोठी.

सव्वीस तारखेला उन्हात पाच गल्ल्या पाच टोकांत उभ्या राहिल्या. वरच्या टोकाचा वाद मिटला होता, कारण आता सगळ्यांनाच लांब टोक हवं होतं. ते तिसऱ्या गल्लीला गेलं, त्यांच्याकडे माणसं जास्त होती. टाकीवरून फोटो निघाला. पेपरात तो आतल्या पानावर आला, अगदी लहान, पण कमळवाल्यांनी तो पाहिल्याची खबर शोभाताईंना त्याच दिवशी मिळाली आणि त्या दुपारी पोटभर जेवल्या.

पुढच्या सोमवारी कचेरीचा शिपाई एक पत्र घेऊन आला. विषय: प्रभात ले-आऊट येथील चांदणी. सदर प्रकरण बंद करण्यासाठी स्थळाच्या नकाशाची आणखी एक हुबेहूब प्रत आवश्यक असून ती आपण सादर करावी. सोबत मूळ नकाशा.

"अजून काय पाह्यजे त्यायले?" सुभद्राबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही वं. प्रत पाह्यजे."

रुपरावांनी टेबल पुसलं. मूळ नकाशा चारही कोपऱ्यांनी सपाट केला, त्यावर पारदर्शक कागद टाकला, पेनाची निब झटकून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःनंच काढलेली रेघ गिरवणार होते. हात अजिबात हलला नाही. पहिलं टोक, दुसरं, तिसरं, चौथं, आणि मग पाचवं, जितकं लांब होतं तितकंच लांब, त्यांनी जराही न सुधारता गिरवलं.